पांढरी सहा

ठाणे, नौपाडा
गौरी-गणपती विसर्जनाची रात्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा समोरच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा ऐन रंगात होता. अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही आणि मी आपला 'हो, हो' करत राहिलो. शेवटचं मात्र नीट ऐकलं. "बाबा, या ऑर्केस्ट्रात पहिलंच वर्ष आहे, कानाच्या त्रासाबद्दल गप्प बसलेलं बरं ना?" त्यालाही मी 'हो' म्हटलं, आणि दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. म्हणून आज सगळे तलावपाळीवर गेलेत तेवढ्यात कागद घेऊन बसलोय. आई फोटो काढून पाठवेल. माझं अक्षर तुला लागतं.

ऑर्केस्ट्रावरून आठवलं. आरती झाल्यावर भाऊकाकांनी भर पंगतीत विचारलं, "मुक्ताच्या ऑर्केस्ट्रात किशोरचा आवाज कोण काढतं?" मी म्हटलं, अहो, गाणारे नसतात, साठ-सत्तर माणसं नुसती वाजवतात. त्यावर ते म्हणाले, "मग लोक बघतात काय?" मला उत्तर सुचेना. ती सत्तर माणसं एकदम श्वास घेतात ते बघतात, हे मला नंतर भांडी विसळताना सुचलं. आपण मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात बाल्कनीतली स्वस्तातली तिकिटं काढून बसायचो, तेव्हा तू पहिल्यांदा मला ते दाखवलं होतंस. पहिला सूर लागायच्या आधी सगळे बो, म्हणजे गज, एकदम वर उचलले जातात. तू तेव्हा सातवीत होतीस.

तर आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, जरा वळसा घेऊन. पेटीवाला आहे, सरळ समेवर येत नाही.

तुझ्या त्या प्रोबेयारला, म्हणजे जर्मन ऑर्केस्ट्रातल्या परीक्षेच्या वर्षाला, मी घरात 'उमेदवारी' म्हणतो. एसटीत आम्हालाही उमेदवारी असायची, पण तिथे साहेबाने शेरा मारला की काम झालं. तुमच्याकडे वर्षभर ज्यांच्या शेजारी वाजवायचं तेच शेवटी मत देणार, हे ऐकून आईच्या पोटात गोळा आला. मला ते उलट बरं वाटलं. साथ कशी आहे हे साथीदारांइतकं कुणाला कळणार? चौदा अर्ज, सहा बोलावणी आणि सहाव्या ठिकाणी नोकरी, हा हिशेब मी डायरीत लिहून ठेवलाय. होफमाइस्टर आणि श्टामिट्स या दोन संगीतकारांची नावं तर घरात सासरच्या माणसांसारखी घेतली जातात. प्रत्येक ठिकाणी त्यांच्यातल्याच एकाचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून केलेली रचना. आई कुकर लावताना होफमाइस्टरची सुरुवात गुणगुणते, पट्टी चुकते पण लय चुकत नाही. मग बेथोवनच्या पाचव्या सिंफनीतला दुसरा भाग, जो तुझा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोराड, खर्जातला भाऊ, आणि चेलोच सुरू करतात. पहिल्या फेरीला मध्ये पडदा आणि पायाखाली गालिचा, म्हणजे चपलांच्या आवाजावरूनही बाई की पुरुष ते कळू नये. तू हे सांगितलंस तेव्हा आई म्हणाली, "पडद्याआड का होईना, ऐकून तर घेतात." बर्लिन फिलहार्मोनिकने पहिली बाई १९८२ साली घेतली आणि व्हिएन्नाच्या मंडळींनी १९९७ पर्यंत बायकांना सभासदच करून घेतलं नव्हतं, हे तिला कळल्यापासून ती त्या गालिच्याच्या बाजूची झालीय.

व्हायोला निवडलास तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे आज कबूल करतो. वाटलं, पोरीने माझंच नशीब उचललं. व्हायोलिनवर सूर चमकतो, चेलोवर माणसं डोळे मिटतात, आणि व्हायोला कुठे आहे हे बाल्कनीतून शोधावं लागतं. मग तूच मला सांगितलंस की द्वोर्झाक तरुणपणी प्रागच्या थिएटरच्या ऑर्केस्ट्रात नऊ-एक वर्षं व्हायोला वाजवत होता, १८६२ पासून. आणि मोझार्टला स्वतःला चार तंतुवाद्यांच्या चौकडीत बसला की व्हायोलाच आवडायचा. त्याने व्हायोलिन-व्हायोलाची ती जोडरचना केली १७७९ मध्ये, तिच्यात व्हायोलाच्या तारा अर्धा स्वर चढवायला सांगितल्या, म्हणजे तो व्हायोलिनच्या पुढ्यात दबणार नाही. ही युक्ती मला फार आवडली. साथीदाराची बाजू घेणारा गवई मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय.

आता एक चूक कबूल करायची आहे, आणि ती माझी आहे.

तू लहान असताना मी रियाजाला बसलो की तू व्हायोलिन घेऊन समोर बसायचीस. मी तुला शिकवलं की गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. त्याची जागा ऐकायची आणि केसभर मागून, सावलीसारखी, ती धरायची. साथीचा सगळा धर्मच तो. पेटीवाला गवयाच्या आधी पोचला तर त्याच्यासारखा अडाणी दुसरा नाही. तेच तुझ्या अंगात मुरलं. नंतर चरईतले तुझे सर म्हणायचे, "मुक्ता वाजवते सुरेख, पण येते उशिरा." मला तेव्हा राग आला होता. तू तिकडे गेल्यावर तुझ्या बाईंनीही तेच सांगितलं, आणि कारणही सांगितलं. आवाजाला दहा मीटर यायला साधारण तीन शतांश सेकंद लागतात. शेवटच्या रांगेत बसून पलीकडच्या फर्स्ट व्हायोलिनचं ऐकून वाजवलं, तर तुझा सूर लोकांपर्यंत पोचेपर्यंत गाडी फलाट सोडून गेलेली असते. म्हणून कानाने नाही, डोळ्याने वाजवायचं. पुढे बसलेल्या प्रमुख बाईच्या गजाकडे, तिच्या खांद्याकडे बघायचं, आणि तिच्या बरोबरीने निघायचं, तिच्या मागून नाही.

पंचवीस वर्षं साथ केल्यावर हे कळलं की मागे बसण्याचीही दोन वेगळी शास्त्रं आहेत. मैफलीतला मागचा माणूस एकटा असतो, त्याला माफी असते. तुमच्यातल्या मागच्या माणसाला उशीर करायची मुभाच नाही. तुमची साथ माझ्या साथीपेक्षा अवघड आहे, हे मी भाऊकाकांना सांगणार नाही, पण तुला सांगतो.

पेन्सिलचं मात्र मी शिकवलेलं बरोबर निघालं. मऊ पेन्सिल, दोन, आणि खोडरबर. बो वर की खाली याची खूण पुढून मागे येते आणि मागच्यांनी ती निमूट उतरवून घ्यायची. दोघांपुढे एकच वही, त्यात आतल्या बाजूला बसणाऱ्याने पान उलटायचं, शेजाऱ्याचे दोन स्वर बुडू न देता. तू म्हणालीस, पान उलटण्याच्या नादात तू पहिल्या आठवड्यात चार मात्रा गाळल्यास आणि शेजारच्या काकू काही न बोलता नंतर तुला कॉफी प्यायला घेऊन गेल्या. त्या काकूंना आमचा नमस्कार सांग. त्या तुला अजून 'झी', म्हणजे अहो-जाहो, म्हणतात की 'डू', म्हणजे अगं-तुगं, वर आल्या?

आता गप्प बसण्याविषयी.

मी आयुष्यभर गप्प बसलो, आणि त्याला मी नम्रता म्हणत आलो. तू आठ-नऊ वर्षांची असशील. एका मोठ्या कार्यक्रमात रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत साथ केली. मधल्या वेळात पेटीचा भाता फाटला, तो बोटाने दाबून धरला आणि शेवटची भैरवी तशीच निभावली. पत्रिकेत माझं नाव नव्हतं. तबलजीचं होतं. जाताना पाकीट दिलं ते मी घरी येऊन उघडलं, ठरल्याच्या निम्मं. आई म्हणाली, उद्या जाऊन विचारा. मी म्हटलं, "कलेत पैशाचं काय बोलायचं?" खरं म्हणजे मला भीती होती की पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं, आणि पाकिटात पुन्हा तेवढेच. कारण तोच माझा दर ठरला होता. मी स्वतःच्या तोंडाने, न बोलता, ठरवून दिला होता.

हे तुला आत्ताच सांगायचं कारण असं की पैशाचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, थांब वर्षभर. तुमच्याकडे पगार, डीन्स्टची, म्हणजे तालीम-प्रयोगांच्या पाळ्यांची, मोजदाद, सगळं करारात लिहिलेलं आहे, तिथे कुणी पाकीट देत नाही. पण तू म्हणालीस ते कानाचं आहे. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, तुझ्या बरोबर मागे ट्रम्पेटवाले बसतात, तालमीनंतर रात्रभर डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते, आणि मागे पारदर्शक आडोसा लावा म्हणून सांगायला तू कचरतेस, कारण मतदान आहे.

मुक्ता, यात गप्प बसायचं नाही. मी शोधून वाचलं. तुमच्या युरोपात कामाच्या जागी आवाज ८५ डेसिबलवर गेला की कानाला संरक्षण देणं मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यातून संगीतवाल्यांना सूट नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका वादकाच्या खटल्याचा निकाल २०१८ मध्ये लागला. तालमीत ट्रम्पेटांच्या पुढे बसून त्याचे कान कायमचे गेले, आणि कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो काय वाजवत होता माहितीये? व्हायोला. हे वाचून मी उठून बाल्कनीत गेलो आणि मंडळाच्या स्पीकरकडे बघत उभा राहिलो. तुला झोपेत असताना मांडीवर घेऊन विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलांच्या पुढे चालायचो, तेव्हा हे डोक्यातही आलं नव्हतं.

कानाच्या मापाचे प्लग बनवून मिळतात, त्यात फिल्टर असतो. वरचे खालचे सगळे स्वर सारखेच कमी होतात, कापसासारखं गढूळ होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ते मागून घे. आडोसाही माग. आधी त्या कॉफीवाल्या काकूंना विचार की इथे हे कुणाकडे सांगतात. तुझ्यापूर्वी त्या जागेवर जो बसायचा त्याला काय दिलं होतं तेही विचार. तक्रार म्हणून नको, एसटीत आम्ही नवीन टेबलावर गेलो की खुर्ची मोडकी आहे हे पहिल्याच दिवशी सांगायचो, तितक्या साधेपणाने सांग. जो ऑर्केस्ट्रा कान मागितला म्हणून मत देणार नाही, त्याच्यात तीस वर्षं काढायची तुलाच इच्छा होणार नाही. आणि समजा नाहीच झालं, तर? मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पहिल्यापासून त्यात कझाकस्तानचे वादक येऊन वाजवतायत. तेही आपलं घर सोडूनच आले ना. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये इथे बॉम्बे सिम्फनी उभी केली आणि पुढे स्वतः मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात जाऊन बसले. माणसं जातात, येतात. गेलेला कान येत नाही.

असो. फार झालं.

वाद्याचं सांभाळ. आपल्याकडे जुलैत तुझ्या व्हायोलाचा सांधा सुटला होता, तिकडे हीटर लागले की उलटा त्रास, लाकूड आकसतं आणि पोटाला चीर जाते. ते आर्द्रतेचं घड्याळ व्हायोलाच्या केसमध्ये ठेव, काटा चाळीस ते साठच्या मध्ये राहू दे. माझ्या पेटीचंही तेच चाललंय. पालिताण्याचे सूर आहेत, पण पावसाळ्यात दोन पट्ट्या फुगून बसल्यात. या दिवाळी पहाटेच्या आत उघडून घासायला हव्यात.

तू निघायच्या आदल्या रात्रीचं मला सारखं आठवतं. तू व्हायोला तिकडच्या ४४३ वर, म्हणजे सेकंदाला ४४३ कंपनांवर, लावून बघत होतीस आणि मी गमतीने पेटीची पांढरी सहा दाबली. ऑर्केस्ट्रा जुळवायला ओबोवाला जो 'ए' देतो तो माझ्या पेटीवर तिथे आहे, ४४० वर. दोन्ही एकदम वाजले आणि सूर हलायला लागला, वांव वांव वांव, सेकंदाला तीन. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहीतरी बिघडलंय!" तू म्हणालीस, बाबा, तुम्ही खाली आहात. मी म्हटलं, तू वर गेलीयेस. मग आपण दोघंही बराच वेळ ते हलणं ऐकत बसलो.

आईने भाजणी दोन किलो करून ठेवलीय, शेजारच्या जोशीकाकूंचा मुलगा पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला येतोय त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. रविवारी फोन करशील तेव्हा आधी प्लगचं आणि आडोशाचं काय झालं ते सांग, मग बाकीचं. मंडळाचा स्पीकर उद्यापासून बंद आहे, नीट ऐकू येईल.

तुझा,
बाबा