तपासणीच्या फीला योजना का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्यमनगर परिसरात माझे औषध दुकान आहे. महिन्याची वीस तारीख उलटली की काउंटरवर एक प्रकार हमखास दिसतो. मोबाईलच्या कव्हरमधून घड्या पडून फाटायला आलेली चिठ्ठी बाहेर निघते. तारीख गेल्या वर्षीची. ‘यातली बीपीची तेवढी द्या, पाच दिवसांची. बाकीच्या ऱ्हाऊ देत.’ एकदा डॉक्टरांना दाखवून या, म्हटले की उत्तर ठरलेले: ‘नुसतं दाखवायला गेलं तरी निम्मी हजेरी जाती. तेवढ्यात गोळ्या येत्यात की!’

हिशेबात त्यांचे काही चुकत नाही. डॉक्टरांनाही गाळ्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार चुकत नाही, त्यामुळे त्यांच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. खटकते ते वेगळेच. बीपी अंगावर काढलेला हाच माणूस उद्या अर्धांगवायूने आडवा झाला, की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. त्याआधीची साधी तपासणी आणि रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशातून.

सरकारी दवाखाने आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत झाला, हे चांगलेच झाले. कोल्हापुरातले सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयात बसले नाही. शिवाय सरकारी ओपीडीचा मुख्य भर सकाळी, आणि फाउंड्रीतली पहिली पाळीही सकाळीच. केसपेपर फुकट असला तरी खाडा फुकट नसतो.

‘फुकट केले की उगाच गर्दी होते’ हा युक्तिवाद मी आमच्या धंद्यातही ऐकतो. अमेरिकेत रँड संस्थेने 1970 च्या दशकात यावर मोठा प्रयोग केला. खिशातून पैसे भरावे लागल्यावर लोकांनी विनाकारणच्या फेऱ्या कमी केल्या, तशाच गरजेच्याही केल्या. मोफत उपचार मिळालेल्या गरीब रुग्णांचा रक्तदाब मात्र अधिक आटोक्यात राहिला. युगांडाने 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढली, तेव्हाही रुग्ण वाढले आणि त्यात गरिबांचा वाटा मोठा होता. फी रोगी कोण आणि हौशी कोण, ते ओळखत नाही. खिसा तेवढा ओळखते.

तेव्हा महापालिकेने कामगार वस्तीतल्या आपल्या दवाखान्यांत रात्री नऊपर्यंत बीपी-शुगरची ओपीडी चालवावी आणि गोळ्या एकदम महिन्याच्या द्याव्यात. खासगी डॉक्टरांनी पहिल्या तपासणीची आणि फेरतपासणीची फी दारावर लिहावी. आत गेल्यावर किती लागतील या धास्तीनेच कित्येक जण पायरी चढत नाहीत, आणि तिथून सरळ माझ्या काउंटरवर येऊन ‘तुम्हीच द्या काहीतरी’ म्हणतात. चिठ्ठीशिवाय बीपी-शुगरची गोळी मला देता येत नाही.

– एक औषध विक्रेता, कोल्हापूर