बाबा, त्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबांचं थरथरणं थांबलं आणि काल रात्रभर शांत झोप लागली, हे आईकडून कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आई, तुला ते पित्त वाटलं होतं. पण लघवीच्या जळजळीसाठी दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिन आणि बाबांची रोजची दम्याची थिओफिलीन, या दोघींचं जमत नाही. नव्या दवाखान्यात कोणी विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. फोनवर घाईत सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा, श्वासनळीला स्नायूचा वेढा असतो. तो आपल्या मर्जीने हलत नाही. पेशीत कॅल्शियम वाढलं की आवळतो आणि छातीतून शिट्टी वाजायला लागते. तो सैल पडावा म्हणून पेशीत एक रेणू निरोप्याचं काम करतो, सायक्लिक एएमपी. तो अर्ल सदरलँड यांनी शोधला. या कामासाठी त्यांना 1971 साली नोबेल मिळालं. तुम्ही पंप ओढता तेव्हा हाच निरोप्या भराभर तयार होतो. पण फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एक विकर त्याच्या मागेच असतं. ते त्याला मोडून टाकतं, निरोप संपतो आणि स्नायू पुन्हा आवळायला मोकळा होतो. थिओफिलीन या मोडणाऱ्यालाच अडवते, म्हणून निरोप्या जास्त वेळ टिकतो.

कॉलेजात आम्ही खाटकाकडून शेळीची श्वासनळी आणतो, तिच्या कड्या कापून दोऱ्याने माळ बांधतो आणि 37 अंशांच्या क्षारांच्या पाण्यात टांगतो. हिस्टामाइन टाकलं की माळ आखडते, काजळी धरलेल्या कागदावर लेखणीची रेघ चढते. मग थिओफिलीन टाकायची. रेघ हळूहळू उतरते. मुलं वहीत आकडे लिहीत असतात, मला मात्र पहाटे उशांना टेकून बसलेले तुम्ही दिसता.

ही गोळी चहाच्या कॅफिनची सख्खी बहीण. 1888 साली आल्ब्रेख्त कोसेल यांना ती चहाच्या पानांतच सापडली. गुणी आहे, पण तिला मोकळीक फार थोडी. रक्तात मिलिलिटरमागे 20 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की मळमळ, धडधड, हातांना कंप. फारच वाढली तर झटकेही येतात. तिला यकृतातलं दुसरं एक विकर मोडतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं त्यालाच रोखते. म्हणजे गोळी तेवढीच, पण रक्तात साठत गेली.

आणखी एक. बिडीच्या धुराने यकृतातलं तेच विकर जोरात चालतं. दिवाळीत तुम्ही बिडी सोडलीत, त्याचा मला किती अभिमान वाटतो हे समोर कधी बोलता आलं नाही. पण बिडी सुटली की तोच डोस अंगाला जास्त होऊ शकतो. डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही ना? गोळी आपल्या मनाने कमी करू नका, बंदही करू नका. मी शनिवारी पहिल्या एसटीने येते, आपण दोघं मिळून जाऊ.

आई, बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, फडताळातल्या त्या बिस्किटाच्या डब्यात घालून ठेव. डबाच सोबत घेऊन जाऊ.

तुमची,
ताई