गॅस 'गळती' नव्हे, अपुरी हवा

महोदय,

थंडी पडू लागली की 'गॅस गिझरच्या गळतीमुळे बाथरूममध्ये मृत्यू' अशा बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि त्यातला 'गळती' हा शब्द वाचून जीव तळमळतो. गळतीचा वास येतो, कारण सिलिंडरमधल्या गॅसमध्ये उग्र वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. बंद बाथरूममध्ये जीव घेतो तो बहुतेकदा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. बातमी वाचून लोक नळी आणि रेग्युलेटर तपासतात, वास येत नाही म्हणून निर्धास्त होतात, आणि खिडकी बंदच राहते.

याचा हिशेब अकरावीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे. सिलिंडरमधल्या प्रोपेनचा एक रेणू पुरता जळायला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात. वजनात मांडलं तर ४४ ग्रॅम प्रोपेनला १६० ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे साडेतीनपटीहून जास्त. घरगुती गॅसमधल्या ब्युटेनचं प्रमाणही जवळपास हेच. आता ५ बाय ७ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात साधारण साडेनऊ किलो हवा मावते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो जेमतेम सव्वादोन किलो. आंघोळ होईपर्यंत गिझरने २०० ग्रॅम गॅस जाळला असं धरलं, तर सुमारे ७२५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. दारं-खिडक्या बंद असतील तर एक तृतीयांश साठा एका आंघोळीत गेला! ऑक्सिजन पार संपण्याची वाटही पाहावी लागत नाही. तो कमी पडू लागला की कार्बनच्या काही अणूंच्या वाट्याला दोनाऐवजी एकच ऑक्सिजन येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. चक्कर येते, आणि कडी काढण्याचंही त्राण उरत नाही.

आधी संपून पुढची क्रिया अडवणाऱ्या अशा पदार्थाला पुस्तकात लिमिटिंग रिएजंट म्हणतात. त्याची गणितं मुलं पटापट सोडवतात: दोन्ही पदार्थांचे मोल (रेणू मोजण्याचं एकक) काढायचे, समीकरणातल्या अंकाने भागायचे, लहान उत्तर येईल तो आधी संपणार. क्लासमध्ये हे घोटून घेतलेलं असतं. पण १४.२ किलोचा सिलिंडर संपला, तर गॅस गेला कुठे, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, जळून गेला." मग मी फळ्यावर मांडायला लावते. ४४ ग्रॅम प्रोपेनपासून १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, बरोबर तिप्पट. म्हणजे एका सिलिंडरमागे सुमारे ४३ किलो, वर वीसेक किलो पाण्याची वाफ. "१४ किलोतून ४३ किलो कसे निघतील?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि मला तोच हवा असतो. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, हे एकदा उमगलं की जळायला हवा 'लागते' म्हणजे किलोंनी लागते, हे मुलांना पटतं. घरी जाऊन बाथरूमची खिडकी मोजणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनियाचं तेच ते गणित घालण्याऐवजी एखाद्या वर्षी गिझरचं घाला. परीक्षेत आलं तर वर्गात शिकवलं जाईल, आणि वर्गात शिकवलेलं घरी पोहोचेल.

आपल्यालाही विनंती आहे. अशी बातमी देताना 'गळती' हा शब्द चौकशीत तसं निष्पन्न झालं असेल तरच वापरावा. एरवी 'अपुऱ्या हवेत गॅस अर्धवट जळाल्यामुळे' असं लिहावं आणि खाली दोन ओळी जोडाव्यात: गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा, तो आत असेल तर पाणी आधी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

– रसायनशास्त्राची एक शिक्षिका, नाशिक