ब्रेसिंग आणि फिल्टरचं दार

फोंडा

प्रिय उमेश,

शॉप ड्रॉइंग पाहिलं. एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणारं मशीन) रूममधली, भूकंपात डक्ट हलू नये म्हणून लावलेल्या ब्रेसिंगची केबल नेमकी फिल्टरच्या दारासमोरून आडवी जाते. ‘गोव्यात कुठला भूकंप’ म्हणून ती काढू मात्र नकोस. २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये (भूकंपाचं भारतीय मानक) गोवा झोन ३ मध्ये आहे, झोन फॅक्टर (भूकंपाच्या जोराचा आकडा) ०.१६. केबल सरकवायची.

सरकवायला वाव असतो. स्मॅक्ना या डक्टचं काम करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या पद्धतीत डक्टला आडवा ब्रेस जास्तीत जास्त ९ मीटरवर, लांबीच्या दिशेचा १८ मीटरवर, शिवाय डक्टच्या सरळ रनच्या दोन्ही टोकांना आडवा. एएचयूतल्या कॉइलची (हवा थंड करणाऱ्या नळ्यांची जाळी) जागा मात्र हलत नाही. कॉइल जेवढी लांब, तेवढी मोकळी जागा ती बाहेर ओढायच्या बाजूला हवी, शिवाय माणसाला उभं राहायला निदान ६०० मिलिमीटर. ही चौकट ड्रॉइंगवर आधी आख, ब्रेस नंतर बसव.

तरीही जमलं नाही तर तिथे केबल नकोच. केबल फक्त ताण घेते, म्हणून जोडीने लावावी लागते आणि दोन्ही बाजू अडतात. अँगल किंवा चॅनलचा ब्रेस ताण-दाब दोन्ही घेतो, एका बाजूने भागतं. डक्ट टांगणाऱ्या हँगर रॉडवर दाब येतो, तेव्हा लांब रॉड वाकू नये म्हणून त्याला स्टिफनर हवा.

केबलचा कोन उभा करून जागा वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. स्लॅबपासून डक्टवरच्या जोडापर्यंत उभे ९०० मिलिमीटर असतील तर ४५ अंशात केबल बाजूला ९०० जाते, आडव्यापासून ६० अंशात ५२० च. पण केबलमधला ताण आडव्या बलाच्या १.४ पटीवरून २ पट होतो. मग अँकरचा (केबल स्लॅबला धरणारा बोल्ट) हिशेब नव्याने करावा लागतो, आणि साइटवर तो कोणी करत नाही.

फिटर केबलचं टोक एएचयूच्या फ्रेमला बांधायला बघतील, बांधू देऊ नकोस. मशीन स्प्रिंगवर, डक्ट स्लॅबला टांगलेला, दोघं वेगवेगळे हलणार. मध्ये कॅनव्हासचा लवचिक जोड घातलाय तो त्यासाठीच.

समुद्राकडच्या प्लँटरूममध्ये साध्या झिंकच्या केबलवर गंज लवकर चढतो, तिथे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) माग. स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल तर ड्रिल लावण्याआधी टेंडनचं (स्लॅबमधल्या ताणलेल्या तारा) ड्रॉइंग हातात हवं.

चवथीआधी फॉल्स सीलिंग बंद करायची घाई होईलच. त्याआधी फिल्टर खरोखर बाहेर काढून दाखवायला सांग, फायर डँपरचं (आगीत डक्ट बंद करणारी झडप) दारही पूर्ण उघडून बघ. कागदावर मोकळं दिसणारं दार बऱ्याचदा केबल ताणायच्या टर्नबकलला अडतं.

तुझा,
प्रसाद