बाहेर पेस्टल करायला निघताना

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला सॉफ्ट पेस्टलच्या (दाबलेल्या रंगाच्या कोरड्या कांड्या) १२० स्टिक्सच्या लाकडी पेटीचा फोटो बघितला. सुंदरच आहे गं, पण ती घरी टेबलावर ठेवायची वस्तू आहे, खांद्याला लावून महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरायची नाही. दिवाळीला येशील तेव्हा आपल्याला जायचंच आहे म्हणून आत्ताच लिहितेय, फोनवर तू घाईत असतेस आणि हे मला नीट सांगायचंय.

सामान घेताना एवढंच बघ, की एका खांद्यावर मावतं का आणि पोचल्यावर पटकन मांडता येतं का. सकाळचं कोवळं ऊन आपल्यासाठी थांबत नाही, पेटी उघडून स्टँड नीट बसेपर्यंत सावल्या सरकलेल्या असतात, आणि जे सामान उचलायचाच कंटाळा येतो ते दोनदा बाहेर जातं आणि मग कपाटावर चढतं.

स्टिक्स हाफच, म्हणजे अर्ध्या लांबीच्याच घे. रेम्ब्रांट, सेनेलिए, मुंग्यो या सगळ्या कंपन्यांचे हाफ स्टिकचे सेट मिळतात, तेवढ्याच जागेत दुप्पट रंग मावतात. सुरुवातीला रेम्ब्रांट घे असं माझं मत, ती जरा घट्ट असते, प्रवासात टिकते. सेनेलिए लोण्यासारखी मऊ, लगेच तुटते, पण शेवटच्या उजेडाच्या फटकाऱ्याला तिची सर कशाला नाही, म्हणून तिच्या चार-सहाच घे, फिकट रंगांच्या. खाली घट्ट आणि वर मऊ हा क्रम सोडू नकोस, मऊ आधी घासली की कागदाचा दाणा, म्हणजे रंग धरणारा खरखरीतपणा, भरून जातो आणि वरचा रंग धरतच नाही. ऑइल पेस्टल मात्र यात आणू नकोस, ते वेगळंच माध्यम आहे आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात नरम पडतं.

रंग निवडताना नावं बघू नकोस, गडद-फिकट बघ. तयार सेटमध्ये मधलेच रंग जास्त असतात, खरे गडद फार कमी. इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, होळकरांच्या त्या दगडी स्मारकांसमोर, संध्याकाळी उभी राहा म्हणजे कळेल, कमानींच्या आतली सावली काळी नसतेच, जांभळट तपकिरी असते, कडेला दगडाचा पिवळटपणा परत आत शिरलेला दिसतो, आणि तिथे नुसता काळा घासलास तर कमानीच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून गडद जांभळा, गडद हिरवा, गडद तपकिरी आणि जवळजवळ काळा निळा हे चार सुटे घे, सेट कुठलाही असो. चित्रकार बेंद्रे आपल्या इंदूरलाच कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली शिकले, त्यांची लँडस्केप्स मिळतील तिथे बघ, सावलीत किती रंग असतो ते दिसेल.

कागदावर पैसे वाचवू नकोस. कॅन्सन कंपनीचा ‘मी-तांत’ नावाचा कागद १६० जीएसएमचा (जाडीचा) चालेल, त्याची एक बाजू जाळीदार असते आणि दुसरी जरा गुळगुळीत, मला गुळगुळीतच आवडते, जाळी चित्रात फार डोकावते. जमलं तर सँडेड पेपरचे, म्हणजे पॉलिश पेपरसारख्या खरखरीत कागदाचे, थोडे तुकडे घे, त्यावर थरावर थर बसतात. पांढरा मात्र नको, उन्हात डोळे दिपतात आणि सगळे रंग गडद वाटायला लागतात, राखाडी किंवा मातकट घे.

ईझल, म्हणजे चित्र उभं ठेवायचा स्टँड, विकत घेऊच नकोस. बाबांचा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड पडून आहे, त्याच्या पाव इंची स्क्रूवर बसेल असा नट हार्डबोर्डच्या मागे सुताराकडून लावून घेते. खाली पिशवी लटकवली की वाऱ्यात हलत नाही. बोर्ड सरळ उभा किंवा किंचित आपल्याकडे झुकलेला ठेव, म्हणजे भुकटी खाली पडते, चित्रावर बसत नाही. आणि भुकटी फुंकायची नाही हं, काही रंगांत कॅडमियम असतं, ते नाकात जायला नको. मागून टिचकी मारायची. हातमोजे आणि ओले वाइप्स बॅगेत कायम.

छत्री घेशील तर पांढरी किंवा राखाडी, रंगीत छत्रीखाली कागदावर तोच रंग पडतो.

येताना चित्रावर बटर पेपर चिकटवायचा आणि दोन बोर्डांच्या मध्ये क्लिपा लावून आणायचं. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का करायचा स्प्रे, मी मारत नाही, रंग दबतात. स्टिक्स डब्यात फोममध्ये घट्ट बसल्या पाहिजेत, आणि मळल्या की कच्च्या तांदळात घालून हलक्या हाताने हलवायच्या, मग चाळून घ्यायच्या, अगदी मूळ रंग दिसायला लागतो.

ऑर्डर करशील तर पत्ता इंदूरचा दे. मी पार्सल लगेच उघडून बघेन, तुटक्या आल्या असतील तर वेळेत परत करता येतील.

तुझी,
आई