पासवर्ड बदलण्याआधी घड्याळ पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत संगणकविषयक शंकांना उत्तरे देताना, ब्राउजरच्या खात्यात लॉगिन वारंवार अयशस्वी होत असेल तर ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर जाऊन नवा पासवर्ड घ्यावा, असा सल्ला नुकताच देण्यात आला. निवृत्तीनंतर मी कराडमध्ये ज्येष्ठ नागरिकांना संगणक शिकवतो, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा पासवर्ड मुळात बरोबर असतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून हा सल्ला अपुरा आहे, आणि काही बाबतींत नुकसान करणाराही आहे, एवढे नोंदवण्यासाठी हे पत्र.

नुकसान कसे होते ते आधी सांगतो. फायरफॉक्स या ब्राउजरच्या सिंक सुविधेत (म्हणजे आपली माहिती सर्व यंत्रांवर सारखी ठेवण्याच्या सोयीत) आपल्या वाचनखुणा, जतन केलेले पासवर्ड, इतिहास हे सारे आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन मग सर्व्हरवर जाते आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या पासवर्डपासून तयार होते, त्यामुळे फायरफॉक्स बनवणाऱ्या खुद्द मोझिलालाही ते वाचता येत नाही. ही रचना चांगलीच आहे. परंतु पासवर्ड विसरला असे सांगून नवा घेतला आणि ‘रिकव्हरी की’ (पासवर्ड विसरल्यास तो साठा उघडणारी वेगळी किल्ली) आधी काढून ठेवलेली नसली, तर सर्व्हरवरचा जुना साठा उघडण्याचा मार्ग उरत नाही. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तीच माहिती शिल्लक असेल तर ती पुन्हा वर चढते. पण ज्याने संगणक नुकताच दुकानातून फॉरमॅट करून आणला आहे आणि दुसरे यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याचे जतन केलेले सगळे पासवर्ड गेले म्हणून समजावे. जुना पासवर्ड ठाऊक असताना सेटिंगमध्ये जाऊन तो बदलणे ही वेगळी गोष्ट आहे, त्यात असे होत नाही.

आता माझीच फजिती. शाळेत नोकरीला लागलो तेव्हापासून घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवण्याची मला सवय, आणि मोबाइल आल्यावरही आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करून मी ती पाळली. पुढे एका खात्याला दोन टप्प्यांचे (पासवर्डनंतर कोडही मागणारे) लॉगिन लावले आणि ॲपमधला सहा आकडी कोड टाकू लागलो, तर प्रत्येक कोड चुकीचा ठरू लागला. तीन दिवस मी पासवर्डला दोष दिला, ॲप काढून पुन्हा घातले, मुलाला पुण्याहून फोनवर ताटकळत ठेवले. कारण इतकेच होते की हे कोड इंटरनेटवरून येत नाहीत. फोन आणि सर्व्हर दोघेही एक सामाईक गुप्त संख्या व चालू वेळ यांवरून आपापल्या जागी गणित करतात आणि दर 30 सेकंदांनी उत्तर बदलते. सर्व्हर थोडीफार तफावत चालवून घेतो, पाच मिनिटांची नाही. माझा फोन भविष्यकाळातले कोड दाखवत होता. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग कोडपर्यंतही पोहोचता येत नाही. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्रच ब्राउजरला अवैध वाटते व लॉगिनचे पान उघडत नाही.

दुसरे कारण आपल्या भाषेतलेच आहे. मराठीत पत्र टंकून झाले की कळफलक मराठीवरच राहतो, आणि पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यामुळे आपण इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी टंकतो आहोत हे कळतच नाही. चौकटीच्या कडेचे डोळ्याचे चिन्ह एकदा दाबून पाहिले की खुलासा होतो. त्याहूनही जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे ईमेल पत्ता जीमेलचा आहे म्हणून पासवर्डही जीमेलचाच देणे. फायरफॉक्सचे खाते जीमेलचा पत्ता देऊन उघडले तरी ते स्वतंत्र खाते असते आणि त्याचा पासवर्डही स्वतंत्र असतो. त्यातून 2023 मध्ये ‘फायरफॉक्स खाते’ हे नाव बदलून ‘मोझिला खाते’ झाले, तेव्हा ‘असले खाते मी कधी उघडलेच नाही’ असे ठामपणे सांगणारेही मला भेटले.

पासवर्ड मोबाइलवर बदलला आणि संगणकावरचा ब्राउजर मात्र जुनाच आपोआप भरत राहिला, असेही होते. चार-सहा प्रयत्न फसले की सर्व्हर काही काळ दार बंद करतो, आणि तेवढ्या वेळात खरा पासवर्ड दिला तरी नकारच येतो. अशा वेळी थांबणे हाच इलाज. पण घाईला आलेला माणूस नेमका तेव्हाच ‘विसरलात?’ वर बोट ठेवतो.

लॉगिन झाल्यासारखे वाटून पुन्हा लॉगिनचेच पान येत असेल, तर पासवर्ड बहुधा स्वीकारला गेलेला असतो आणि अडचण कुकीजची, म्हणजे संकेतस्थळ आपली ओळख ठेवण्यासाठी ब्राउजरमध्ये साठवते त्या छोट्या नोंदींची, असते. ब्राउजरची खासगी खिडकी (‘प्रायव्हेट’ किंवा ‘इन्कॉग्निटो’ विंडो) उघडून खात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन करून पाहावे. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि जाहिराती अडवणारी वगैरे एक्स्टेन्शनेही (ब्राउजरला वरून जोडलेली साधने) सहसा बंद असतात, त्यामुळे तिथे जमले तर दोष या दोहोंपैकी एकात आहे हे ठरते. मग फक्त त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज काढाव्यात. ‘सगळे साफ करा’ हे बटण दाबताना जतन केलेल्या पासवर्डांपुढेही खूण असेल, तर तेही पुसले जातात.

मुलांकडे अमेरिकेला सहा महिने राहून येणाऱ्यांची एक निराळीच अडचण आहे. प्रीपेड सिम 90 दिवस वापराविना व पुरेशा शिलकीविना राहिले तर तो क्रमांक बंद होऊ शकतो, आणि परतल्यावर खात्याचा कोड त्या बंद क्रमांकावर जात राहतो. निघण्यापूर्वी बॅकअप कोड (फोनवरच्या कोडऐवजी चालणारे राखीव कोड) कागदावर छापून घ्यावेत. याच अगतिकतेत लोक इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतात आणि भामट्यांच्या हाती सापडतात. पलीकडचा माणूस ओटीपी किंवा स्क्रीन पाहू देणारे ॲप मागू लागला तर फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर त्वरित 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवावे.

ब्राउजर बनवणाऱ्यांबद्दलही एक तक्रार आहे. ईमेल चुकला की पासवर्ड, हे काही ठिकाणी मुद्दाम सांगितले जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण कोणत्या पत्त्यावर खाते आहे हे चोराला कळू नये. परंतु तुमचे घड्याळ पुढे आहे, तुमच्या कुकीज बंद आहेत किंवा खाते अमुक मिनिटे बंद ठेवले आहे, हे सांगण्याने चोराचा कसला फायदा होणार? तरीही पुष्कळ ठिकाणी या सर्वांसाठी ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ हे एकच वाक्य दिसते, तेही अनेकदा फक्त इंग्रजीत.

पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा घड्याळ, कळफलक, खाते नेमके कोणते आणि खासगी खिडकी या चार गोष्टी पासवर्ड बदलण्याच्या आधी छापाव्यात, आणि रिकव्हरी कीचा उल्लेख त्याच उत्तरात करावा, अशी विनंती आहे. माझ्या फोनचे घड्याळ आता बरोबर आहे. भिंतीवरचे अजून पाच मिनिटे पुढेच आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड