चाचांना फोन केला म्हणून चिडलास ना

अमोल,

काल फोन कट केलास म्हणून इथे लिहितेय, आता हे तरी पूर्ण वाच. हो, केला मी तुमच्या तानपुऱ्याच्या कारखान्यातल्या चाचांना फोन. "कामात असला की त्याला मधेमधे व्हीलचेअरच्या सीटवरून अंग उचलायची आठवण करा" एवढंच म्हटलं. कारखान्यात सगळ्यांसमोर लाज वाटली असेल तर वाटू दे. एकाच जागी दाब पडून माकडहाडावर झालेल्या त्या जखमेचं ड्रेसिंग मी केलंय, तू पालथा असायचास, तुला ना ती दिसायची ना दुखायची, कंबरेखाली कळतच नाही तर दुखणार काय, आणि तीच तर मोठी भीती आहे रे. पावसाळा गेला, दिवाळी गेली तरी भरत नव्हती.

असो, हे लिहायचंच नव्हतं. तुझ्या व्हिडिओबद्दल लिहायचं होतं. तारेखालचा दोरा नखाने एवढासा सरकवलास आणि मगाशी ठप्प वाजणारा तानपुरा एकदम बोलायलाच लागला. बाबा तर मागून चाचा "हां, अब खुली" म्हणतात तेवढाच भाग परत परत लावतात, मला म्हणतात अगं झोपून राहिलेल्या पोराच्या हातात नानांची वीणा कुणी दिली, मीच ना! खरंच आहे ते. भिंतीकडे तोंड करून पडायचास, लाइट लावू द्यायचा नाहीस, आणि ती वीणा उशाशी आल्यावर दिवसभर खुंट्या पिळत बसलास, नाना चिडले की एकादशीला भजनात बेसूर लागली म्हणून. तेव्हा मला वाटलं चला, चिडायला तरी कुणीतरी आलं घरात.

मामाचं चालूच आहे, चाळीस टक्क्यांच्या वरचं सर्टिफिकेट आहे, सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के जागा आहेत आणि हा कानस घासत बसलाय. मी म्हटलं 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून सरकारी शिक्का, मिळालाय, जरा पेपर वाचत जा. बेगमपूरकडचे कडू भोपळे तानपुऱ्यांसाठी मिरजेला जातात हे लहानपणापासून ऐकतेय, आपल्या घरचं पोरगं त्यांच्यामागे जाईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

पण व्हिडिओ बघताना माझा एक डोळा घड्याळावर होता. एकदाही उचललं नाहीस अंग. इतका रमला होतास की मला बरंही वाटलं आणि पोटात गोळाही आला. तू म्हणतोस मोबाइलचा अलार्म वाजला की कान बिघडतो, जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, चालत नाही. बरं, मग हातातलं घड्याळ व्हायब्रेशनवर ठेव. नाहीतर तूच सांगितलं होतंस ना, तारा टेकतात ती घोडी जराशी घासायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची, परत घासायची. मग तार उतरवलीस की दोन्ही हात खुर्चीवर टेकून अंग उचल की, त्यात काय जातं तुझं! झालं माझं लेक्चर सुरू, सॉरी. पण रात्री आरशात बघायचं विसरू नकोस, लालसर दिसलं तर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नाही, चाचा काही म्हणणार नाहीत, मी विचारलंय त्यांना.

हो, तेही विचारलं. ताई शनिवारी येतेय, तिच्याकडे नवीन कुशन आणि शेंगाचटणी देते. फोन उचल. चाचांना परत फोन करणार नाही असं मी कबूल केलेलं नाही.

आई